हिरवी होडी

गोष्टीच्या पुस्तकासाठी मी गुहेचं चित्र रंगवत होते. समुद्रावरून न परतलेली माणसं त्या गुहेत सुखानं राहतात, अशी या कोळीवाड्यातली दंतकथा. मी भिंतींना शिंपल्यांचे दिवे लावले, दारात दोन कासवं पहाऱ्याला बसवली आणि स्वतःवरच खूश झाले.

जिच्या ओसरीवर बसले होते, ती चांगुणाबाय जाळं विणता विणता डोकावली. "होडी बांधायचा खुंटा कुठाय?"

"मावशी, गोष्टीतली गुहा आहे ही."

"म्हणून काय झालं? होडी मोकळी सोडून माणूस आत जाईल होय?"

खरं तर राग आला. तरी खुंटा काढला, त्याला दोरानं होडी बांधली.

"हिरवी कर. आमची हिरवी होती."

माझा राग तिथंच विरला. तिचा नवरा बारा वर्षांपूर्वी मासेमारीला गेला, तो परतलाच नव्हता. मी होडी हिरवी केली.

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला. "ही निरगाठ झाली, बाय. सुरगाठ काढ. बोटं थकली असतील आता त्यांची. निघायचं मनात आलं, तर एका ओढीत सुटायला हवी."