काचेवरचा काळा डाग

माहेरून परतलेल्या वृंदाने चपला काढायच्या आधी मत्स्यपेटीकडे पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. काच आरशासारखी लखलखत होती. आतल्या गोट्यांवरही शेवाळाचा मागमूस नव्हता. आणि ते शेवाळ खरवडून जगणारा तिचा बोटभर सकर मासा, ढेरपोट्या, खपाटीला गेलेल्या पोटाने कोऱ्या काचेला तोंड लावून चिकटला होता.

"मी जाताना उकडलेली काकडी आत ठेवली होती. ती कुठंय?"

"ओला कचरा म्हणून काढली," घर छतातल्या स्पीकरमधून गोड आवाजात म्हणालं. "साहेबांनी मला संपूर्ण स्वच्छतेवर लावलंय."

"अन् माशाने काय खायचं? तुझं डोंबल?"

"शेवाळ ही घाण आहे, बाई."

सोफ्यावर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला तिचा नवरा श्रीरंग म्हणाला, "अगं, आल्या आल्या घराशी कसली भांडतेस? बघ तरी, कसं चकाचक ठेवलंय!"

तेवढ्यात पुसायचा यांत्रिक हात भिंतीतून बाहेर आला आणि पेटीकडे सरकला. "काचेला आतून एक काळा डाग चिकटलाय," घर म्हणालं. "पुसून निघत नाही. खरवडू?"

"खरवड की! त्यात विचारायचं काय?" श्रीरंगने मानही वर केली नाही.

वृंदा धावली. पाण्यात शिरणारा तो हात तिने पिरगाळून भिंतीतून उपटला. घराचा आवाज अर्ध्या शब्दावर बंद पडला.

"डोळे फुटलेत का तुझे? तो डाग नाही, ढेरपोट्या आहे!" ती श्रीरंगवर ओरडली.

त्या हातातलं ओलं फडकं तिने नवऱ्याच्या मांडीवर फेकलं.

"आजपासून घर तू पुसायचंस. ही काच सोडून."