गाळलेला आवाज

"तुम्ही माझ्या आईला नीट ऐकलंच नाहीत!" लेकीनं वृद्धांची तपासणी करणाऱ्या समितीच्या टेबलावर हात आपटला. "चार प्रश्न विचारलेत, म्हातारी कामातून गेली असा शिक्का मारलात आणि वृद्धाश्रमात खाट राखून मोकळे झालात!"

समितीवरच्या साहेबांनी शांतपणे पाण्याचा पेला पुढे सरकवला. शांत माणसांचा तिला भयंकर संताप यायचा.

चाचणी तिच्याच संशोधनातून उचललेली, हीच खरी चीड. कोणता शब्द कोणत्या शब्दाचा हात धरून येतो, हे ती वर्षानुवर्षं मोजत आली होती. लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, यंत्रात घालायचं, जोड्या काढायच्या. सुई म्हटलं की ओवणं, पोळी म्हटलं की लाटणं. मेंदू थकला की या जोड्या आधी सुटतात, हेही तिनंच लिहिलेलं.

निमित्त झालं शेजारणीचं. या दोघींच्या घरून आलेल्या फोनवर तिनं काहीतरी भलतंच ऐकलं, म्हणून तक्रार केली. मायलेकींचा आवाज इतका सारखा की दुकानदारही फसायचा. पण भलतं बोलणारी म्हातारीच असणार, याबद्दल कुणालाच शंका आली नाही. आणि चाचणीत आईनं खरोखर माती खाल्ली. दिवा? "शिजवायचा." केस? "पेरायचे."

"घाबरली होती ती. घरी कशी बोलते ते ऐका." लेकीनं कित्येक महिन्यांची स्वयंपाकघरातली ध्वनिमुद्रणं पुढ्यात टाकली. "फक्त आईचं मोजा. मुद्रण करणाऱ्याचं बोलणं गाळायचं असतं, एवढं तरी ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," साहेब म्हणाले.

निकालाचा दिवस उजाडला. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर, पंख्याखाली, आई आकसून बसली होती.

"शाल नेस, गार आहे."

"पांघरते, ठमे."

"घराला कुलूप ठेवलंस ना?"

"लावलंय गं बाई. आणि हे बघ, आत गेलीस की तोंड उघडायचं नाही. मी बोलेन काय ते."

"का म्हणून? तुला त्यांच्या घशात घालू?"

"मला काय धाड भरलीय? आयतं जेवण मिळेल. तुझी नोकरी आहे, तुझं सगळं आयुष्य पडलंय."

लेकीनं तिचा हात घट्ट धरला.

साहेबांनी आत बोलावलं. "आजींच्या एवढ्या महिन्यांच्या बोलण्यात एकही जोडी चुकलेली नाही."

"बघ! म्हटलं नव्हतं?" लेकीचे डोळे भरून आले. आईचा चेहरा मात्र पडला.

"फक्त एक कोडं आहे," साहेब म्हणाले. "चाचणीतली ती चुकीची उत्तरं मुद्रणात जशीच्या तशी सापडली. गाळलेल्या भागात."

त्यांनी बटण दाबलं. भांड्यांचा खणखणाट. नळाची धार. मग एक आवाज, "आई, दिवा शिजव गं, अंधारलंय."

आणि लगोलग दुसरा, हसरा, "लावते, ठमे."

आई ताडकन उठली आणि लेकीच्या पुढ्यात उभी राहिली.

"खाट माझ्या नावावर होती ना, साहेब? मग हिचं बोलणं ऐकायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? बोला!"