पडलेला खासदार

मद्रासहून दिल्लीला जाणारी ग्रँड ट्रंक वर्ध्याच्या फलाटाला लागली, तेव्हा बंडोपंत पहिल्या वर्गाच्या डब्यासमोर उभे होते. गेली पाच वर्षं ते तिथंच उभे राहत. या खेपेला हाक मागून आली, तिसऱ्या वर्गाच्या खिडकीतून.

ते घाईघाईनं तिकडं गेले. हातात गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा होता आणि पोस्टकार्ड आल्यापासून मनात जुळवून ठेवलेलं सांत्वनाचं एक वाक्य. अरुणगिरीला पाहिल्यावर ते वाक्य बोलायचं राहूनच गेलं. निवडणुकीत पडलेला माणूस खचलेला दिसेल, असं त्यांनी धरलं होतं. हा तर गुळगुळीत दाढी करून, धुतलेल्या सदऱ्यात, नेहमीसारखा हसत होता. दिल्लीचं सरकारी घर रिकामं करायला निघालोय, म्हणाला. दोन पेट्या पुस्तकं आहेत, बाकी काही नाही.

बोलणं अर्थात हिंदीत चाललं होतं. दोघांत दुसरी भाषाच नव्हती. अरुणगिरी कावेरीकाठच्या विणकराचा मुलगा. एकोणीस वर्षांपूर्वी हिंदी शिकायला वर्ध्याला आला आणि दोन वर्षं बंडोपंतांच्या वर्गात बसला. ‘गाय आया’ म्हणायचा. ती चूक जाता जाता वर्ष गेलं. बावन्न साली तो लोकसभेवर निवडून आला, तेव्हा बंडोपंतांनी शाळेत पेढे वाटले होते.

दोन मिनिटं गावाकडच्या चौकशीत गेली. मग बंडोपंतांनी विचारायचं ते विचारलं. पंचावन्न साली त्यांनीच त्याला पत्र लिहिलं होतं, की तीन वर्षं सभागृहात इंग्रजीत बोलतोस, एकदा तरी हिंदीत बोल. आणि तो बोलला होता. हातमागाच्या सुतावर, आपल्या विणकरांसाठी, वीस मिनिटं. वर्तमानपत्रात ते छापून आलं. बंडोपंतांनी ते कात्रण आर्वीपासून नाचणगावपर्यंत ओळखीच्या प्रत्येक माणसाला दाखवलं. तेच भाषण विरोधकांनी या निवडणुकीत ‘हा हिंदीवाल्यांचा माणूस’ म्हणून पत्रकावर छापून घरोघर वाटलं, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

“मेरी वजह से हारे?”

अरुणगिरीनं मान हलवली. सूत मिळालं, म्हणाला. त्या भाषणानंतर चार महिन्यांत सूत मिळालं, आणि ज्यांना मिळालं त्यांनीच मत दिलं नाही. अकरा हजारांनी पडलो. बोललो त्याचं वाईट वाटत नाही.

मग त्यानं बंडोपंतांनी पुढं केलेला पुडा घेतला आणि एका म्हाताऱ्या विणकराची गोष्ट सांगितली. बावन्न साली हा म्हातारा त्याच्या प्रचारासाठी गल्लीगल्लीतून ढोल वाजवत फिरला होता. या वेळी अरुणगिरी मत मागायला दारात गेला, तेव्हा त्यानं मागावरून उठून त्याला बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. पत्रकाचा विषयसुद्धा काढला नाही. निघताना पाठीवर हात ठेवून एवढंच म्हणाला.

काय म्हणाला, ते अरुणगिरीनं तमिळमध्ये सांगितलं. छोटंसं वाक्य होतं. त्याच वेळी इंजिनानं शिट्टी दिली.

“मतलब?” बंडोपंतांनी विचारलं.

अरुणगिरी विचार करू लागला. ओठ हलले, थांबले. वर्गात शब्द अडला की तो असाच छताकडं पाहायचा.

“हिंदी में ठीक नहीं बैठता, गुरुजी.”

गाडी हलली. तो खिडकीतून हात हलवत होता, बंडोपंतही हलवत होते. इतक्या वर्षांत या माणसाचं त्यांना न कळलेलं असं हे पहिलंच वाक्य. आणि फलाट रिकामा होईपर्यंत त्यांच्या ध्यानात आलं, की दक्षिणेकडची दोनशे-तीनशे मुलं आपल्या हाताखालून गेली, पण त्यांच्या भाषेतला एक शब्दही आपण कधी विचारला नाही.

वाक्यातलं जेवढं कानात राहिलं होतं तेवढं पुटपुटत ते थेट पार्सल ऑफिसात गेले. तिथले वरदनबाबू तंजावरकडचे, पण पंधरा वर्षं वर्ध्यात काढलेले.

“वरदनबाबू, ‘नम्म’ म्हणजे काय हो?”

“हमारा,” वरदननं पावतीवरून नजर न काढता सांगितलं. मग पेन खाली ठेवलं. “नाई, थांबा. हमारा म्हटलं त समोरचा माणूस बाहेर बी राहू शकते. नम्म म्हटलं की तो आतच आला. तुमच्या मराठीत आहे न तो शब्द, गुरुजी. आमचा नाई. आपला.”

 वरदननं विचारलं, कोणी म्हटलं, पुढं काय होतं? म्हाताऱ्या विणकरानं अरुणगिरीला म्हटलं, ‘पिळ्ळै’ असं काहीतरी होतं, एवढं त्यांनी सांगितलं.

“पिळ्ळै म्हणजे लेकरू. आपलं लेकरू.” वरदन हसला. “आन् मंग?”

“मंग शेवटी आणखी एक शब्द होता.”

“इरुक्के?” वरदननं विचारलं. “इरुक्के म्हणजे आहेस. का इरुंदे? इरुंदे म्हणजे होतास.”

बंडोपंतांनी डोळे मिटले आणि दोन्ही शब्द एकामागून एक म्हणून पाहिले. इरुक्के. इरुंदे. पण आठवायला गेलं, की इंजिनाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.