एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

"काका, तुम्हाला स्वतःला पोहता येतं का हो?"

विचारलं एकदाचं तिने! तंबूच्या आडोशाला तिच्या तिघी मैत्रिणी तोंडात स्कार्फ कोंबून हसत होत्या. पैजच तशी लागली होती. हा प्रश्न तिने शिट्टीकाकांना तोंडावर विचारला, तर शिबिर संपेपर्यंत तिच्या वाटची भांडी त्या तिघी घासणार. शिट्टीकाका म्हणजे तळ्याचे सर्वेसर्वा. पण पाच दिवसांत त्यांच्या पँटची इस्त्री मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

"फळ्याकडे लक्ष दे," काका म्हणाले आणि काठाकाठाने पुढे गेले.

फळा तिच्या ताब्यात होता. साठ खिळे, साठ बिल्ले. एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पांढरे. पाण्यात उतरताना लाल करायचा, बाहेर आलं की पांढरा. ज्याचा त्याने, आपल्या हाताने. आठशे मुलांच्या शिबिरात ताईगिरी करायला मिळालेलं हे तिचं पहिलं काम, आणि तिला ते अगदीच लुटुपुटुचं वाटत होतं. एकट्या मुंगीचा तेवढा हात वरच्या रांगेला पोचत नसे. मुंगी नऊ वर्षांची, शिबिरात सगळ्यांत बुटकी. आजही तिने मुंगीला उचलून धरलं, तेव्हा कुठे तिचा एक्केचाळीस नंबर लाल झाला.

तिने मैत्रिणींकडे वळून भांडी घासायची खूण केली. जोरजोरात. तेवढ्यात कुणीतरी बाही ओढली. "हो गं, हो," म्हणत ती घासतच राहिली.

मग शिट्टी झाली. दर दहा मिनिटांनी व्हायची. शिट्टी झाली की जोडीदाराचा हात धरून वर करायचा. पाण्यातून हातांच्या जोड्या वर आल्या. एक हात एकटाच.

"बेचाळीस! जोडीदार कुठाय?" काका ओरडले.

"इथंच तर होती..." ती मुलगी स्वतःभोवती गोल फिरली.

इकडे काठावर तिने फळ्याकडे पाहिलं. एक्केचाळीस. लाल.

तीन आखूड शिट्ट्या. दोन मिनिटांत सगळी मुलं बाहेर. पहाऱ्याच्या होडीतल्या दोघांनी बुड्या मारल्या. बाकीचे मोठे हातात हात गुंफून ओळीने पाण्यात उतरले. पालकांच्या भेटीचा दिवस होता. तिचे आईबाबा धुतलेल्या कपड्यांची पिशवी घेऊन नुकतेच आले होते. बाबांनी बूट काढून आईच्या हातात दिले आणि येऊन लेकीचा हात धरला.

"पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं," कुणीतरी सांगत होतं. "तळ चाचपत."

तिने पाऊल सरकवलं. चिखल. आणखी एक. दगड. काहीतरी लागू दे, लवकर लागू दे. नको, काही लागू नको दे. दात वाजत होते, आणि पाणी तर कोमट होतं.

मग पायाला काहीतरी मऊ लागलं.

ती अशी किंचाळली की बाबांच्या हातून तिचा हात सुटला. होडीतल्या एकाने तिथे बुडी मारली. किती वेळ तो वर येईना. आला, तेव्हा त्याच्या मुठीत कुणाचा तरी जुना टॉवेल होता. साखळी पुन्हा जुळली, पुन्हा सरकू लागली. खोल टोकाला शिट्टीकाका होते. पाणी गळ्याशी आलं होतं.

"काका, मागे व्हा!" होडीतून हाक आली.

काकांनी हनुवटी आभाळाकडे केली आणि आणखी एक पाऊल पुढे टाकलं.

"काकू, काय हरवलंय?"

काठावर बुटांचा जोड छातीशी धरून उभ्या असलेल्या आईला कुणीतरी विचारत होतं. केस विंचरलेले, कोरडे कपडे, हातात अर्धं बिस्कीट. मुंगी.

आईने बूट टाकून तिला कवटाळलं. पाण्यात कुणी रडायला लागलं, कुणी हसायला. मुंगीच्या तुकडीच्या बाईंनी तिचा दंड धरला. "बिल्ला कोण फिरवणार? अक्कल गहाण ठेवलीस का?"

"हात पोचत नाही," मुंगी पुटपुटली आणि ताईकडे पाहून गप्प झाली.

गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. मुंगीने बाही ओढून काय सांगितलं, ते कुणीच ऐकलं नव्हतं.

"ती मला सांगून गेली होती," ताईच्या तोंडून निघालं. "मी हो म्हटलं. आणि फिरवला नाही. मी... खिदळत होते." तिघी मैत्रिणी पायांकडे बघत होत्या.

शिट्टीकाका काठावर बसून खोकत होते. नाकातोंडात पाणी गेलं होतं. तिने आईच्या पिशवीतला कोरडा टॉवेल पुढे केला.

"नाही येत," ते म्हणाले.

"काय?"

"मघाशी विचारलंस ना. पोहता. नाही येत मला." त्यांनी तोंड पुसलं. "म्हणून तर मोजतो."

मग उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चारला पुढची तुकडी उतरते. फळ्याला माणूस हवं."

कुणी पुढे झालं नाही.

"बॅग भर," आई तिच्या कानाशी म्हणाली. "आत्ताच्या आत्ता घरी चल. झाली तेवढी शोभा पुरे."

"अगं, पोरीने कबूल केलंय ना," बाबा पँट पिळत म्हणाले. "पण चल बाळा. खरंच चल."

ती फळ्याकडे गेली. एक्केचाळीसचा खिळा हलवून हलवून उपटला. दगड शोधला. मुंगीला फळ्याला पाठ लावून उभं केलं, तिच्या खांद्याच्या उंचीला खूण केली आणि खिळा ठोकायला लागली. दोन घाव बोटावर बसले. बिल्ला अडकवल्यावर मुंगीने तो स्वतःच्या हाताने पांढरा केला.

"आई, बाबा, मी येत नाहीये," फळ्यावरची नजर न काढता ती म्हणाली. "चारला फळ्यावर मी आहे. आता बोलू नका माझ्याशी. मोजू दे."