निघणाऱ्याचं नाणं

नाण्यावर स्वतःचाच चेहरा दिसला आणि सुनेच्या काळजात धस्स झालं. कात्रीचा स्क्रू ढिला झाला होता म्हणून ती सासऱ्यांच्या टेबलाच्या खणात छोटा स्क्रूड्रायव्हर शोधत होती. स्क्रूड्रायव्हर राहिला बाजूला. हाताला लागला लाकडी ठोकळा, त्यावर लाखेत बसवलेलं जुनं नाणं, आणि नाण्यावर तीच. तेच बसकं नाक, तोच सैल अंबाडा, कानामागे खोचलेली पेन्सिलसुद्धा.

कुणी म्हणेल, यात घाबरायचं काय? सासऱ्याने सुनेचा चेहरा कोरला, खूश व्हायचं सोडून! पण त्या घरची रीतच निराळी. सासरे घड्याळजी. चलनातून बाद झालेली नाणी गोळा करायचे आणि कोरणीने राजाचं नाक तासून, हनुवटी बदलून त्याचं घरातलं माणूस करायचे. मात्र नाणं व्हायचं ते घर सोडून जाणाऱ्याचंच. माणूस गेलं तरी तोंड घरात राहावं, एवढंच त्यांचं म्हणणं. टेबलाला लागूनच सुनेचं शिवणयंत्र, आणि टेबलाच्या वर भिंतीला एक फळी होती, तिच्यात खाचा पाडून ती नाणी बसवलेली. लग्न होऊन गेलेल्या लेकीचं. देवाघरी गेलेल्या सासूबाईंचं. आणि कडेला मुलाचं, म्हणजे हिच्या नवऱ्याचं. तो तर न सांगताच आईच्या वाटेने गेला होता. ते नाणं कोरताना कोरणी म्हाताऱ्याच्या बोटात घुसली होती, तरी त्यांनी काम थांबवलं नव्हतं.

कान मात्र सगळ्यांना राजाचाच. "कान आपल्याला जमत नाही बुवा," ते म्हणायचे. "फुकटात राजाचा मिळतोय, राहू दे की!"

नवी नवरी असताना तिने एकदा लाडाने विचारलं होतं, "बाबा, माझं नाणं कधी?"

"तू समोर आहेस ना? मग कशाला?"

आता झालं होतं असं, की दूरच्या एका शहरातल्या शिवणशाळेत तिला शिकवायची नोकरी मिळाली होती. आयुष्यभर लोकांची काज-बटणं केलेल्या बाईला पहिल्यांदा कुणीतरी 'बाई, तुम्ही शिकवाल का?' असं विचारलं होतं. नणंदही जिवाला जीव देणारी. "वहिनी, तू बिनधास्त जा. बाबांना मी नेते माझ्याकडे," म्हणाली. सगळं जमलं होतं. घोडं अडलं होतं ते एकाच ठिकाणी, बाबांना सांगायचं कसं? रोज सकाळी ती मनाचा हिय्या करायची आणि रोज चहाच्या घोटाबरोबर शब्द गिळून टाकायची. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं आणि अजून तोंडातून ब्र निघाला नव्हता.

दारात चपला वाजल्या. सासरे कोपऱ्यावरून दाढी करून आले होते. ठोकळा लपवायला तिला वेळच मिळाला नाही.

"सापडलीस होय तू तुला?" ते म्हणाले.

"बाबा, मी सांगणारच होते..."

"कधी? गाडी सुटल्यावर?"

"तुम्हाला ताईंनी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? महिनाभर माझ्या नाण्यांचा कीस तुझ्या कापडांवर उडतोय, आणि तू हूं की चूं न करता झाडून घेतेस! एरवी घर डोक्यावर घेतलं असतंस. अगं, सून सासऱ्याशी भांडायची थांबली, की ती निघालीच म्हणून समजावं."

तिला हसू आलं आणि हसता हसता डोळे भरून आले. पदराने नाणं पुसताना तिचं बोट कानापाशी थांबलं. तो कान राजाचा नव्हता. बारीकशी पाळी, वर पेन्सिल टेकलेली. तो तिचाच होता.

"चार-पाच नाणी वाया घालवली त्यापायी," म्हातारा पुटपुटला. "माझी सगळी बडबड त्या कानात गेलीय. तिथे राजाचा कसा चालेल?"

"मी नाही जात बाबा."

"गप! कोरलेलं नाणं पुन्हा गुळगुळीत होतं का कधी? जायचं म्हणजे जायचं."

तिने ठोकळा परत ठेवायला खण आणखी ओढला. आत दुसरा ठोकळा होता. त्यावर टक्कल, पुढे आलेला खालचा ओठ, कपाळावर चढवलेलं भिंग. म्हातारा स्वतः! तिची नजर फळीवर गेली, सासूबाईंवरून नवऱ्यावर, आणि शेवटच्या रिकाम्या खाचांवर.

"बाबा, हे काय अभद्र! तुमचं कशाला कोरलंत?"

"अभद्र काय त्यात? घर सोडणाऱ्याचं नाणं करतो मी, एवढंच."

"पण तुम्ही तर ताईंकडे... चार गल्ल्या पलीकडे..."

"लेकीकडे फक्त ही फळी जाईल. सगळी मंडळी एकत्र राहतील." त्यांनी ठोकळा हातात घेतला आणि फुंकर मारून कीस उडवला. तो पुन्हा तिच्या शिवणावर पडला. ते जरा घुटमळले, आणि इतका वेळ रुबाबात बोलणाऱ्या म्हाताऱ्याचा आवाज एकदम बारीक झाला.

"तुझ्या त्या शहरात घड्याळं बंद पडत असतीलच ना गं?"