अस्सल पोस्टर

युवराजनं मोठ्या हौसेनं इंग्रजांच्या काळातलं रेल्वेचं पोस्टर आणून तारनाक्याच्या घरात लावलं. वर 'या, हिंदुस्थान बघा!', खाली डब्यापाशी हसणारे साहेब-मडम आणि मागं त्यांची ट्रंक डोक्यावर घेतलेला हमाल.

त्याचे वडील नामदेवराव भिंग लावून हमालाच्या दंडावरचा बिल्ला बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा ताठरला. त्यांनी पोस्टर उतरवलं आणि कात्री चालवली.

"नाना, काय करायलात! ओरिजनल आहे ते!"

कातरलेले साहेब-मडम फरशीवर पडले. उरलेल्या हमालाशेजारी नानांनी देवघरातला पितळी बिल्ला आणून ठेवला. नंबर तोच, एकशे बारा.




"तुझ्या आजोबांचा फोटोच नव्हता रे. आजवर श्राद्धाला या बिल्ल्यालाच हार घालत आलो."