नवा मीटर

“काकू, नवा मीटर बसवलाय. विझवा आता तो दिवा,” वायरमन दारातूनच म्हणाला.

जुन्या कंपनीची लाइट सारखी जायची आणि ह्यांचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालायचा, म्हणून मीच हट्टाने कंपनी बदलायचा अर्ज केला होता. सोमवारी सकाळी जुन्या कंपनीचा माणूस मीटर काढून घेऊन गेला. नवा मीटर तासाभरात बसणार होता. दुपारी फोन केला, तर नवी कंपनी म्हणे, जुन्यांचा कागद आलेला नाही. जुनी म्हणे, तुमचं नाव आता आमच्याकडे नाही. “अहो, माणूस गुदमरतोय इथे!” मी ओरडले. “मॅडम, तक्रार नोंदवलीय, तीन दिवसांत होईल,” पलीकडून उत्तर आलं.

घरातला ऑक्सिजनचा सिलिंडर चार तास पुरला. ॲम्ब्युलन्स पाचव्या तासाला आली.

आज शुक्रवार. “हा दिवा दहा दिवस विझवायचा नसतो,” मी वायरमनला म्हटलं. त्याने आत पाहिलं. ह्यांची कॉट भिंतीला उभी केलेली, तिच्या जागी पिठावर पणती जळत होती. तो चपला काढून आत आला.

तेवढ्यात खाली कुणीतरी मेन स्विच चालू केला. पंखा फिरला. मशीनचं बटण सोमवारपासून चालूच राहिलं होतं. मशीन घरघरलं आणि जमिनीवर पडलेल्या नळीतून फुसफुस हवा यायला लागली. वायरमनने घाईघाईने बटणाकडे हात नेला.

“खबरदार हात लावाल तर!” मी म्हटलं. “एकदा बंद पाडलंत, तेवढं पुरे.”